मोजणीची वही

दिल्लीलगत यमुनेपलीकडे १९७६ साली नोएडा वसविण्यास आरंभ झाला. आज तेथे व हरियाणातील गुरुग्रामात संगणकाच्या आज्ञावल्या रचणारी अनेक कार्यालये आहेत. मोठी आज्ञावली म्हणजे हजारो फाइली होत. त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. प्रत्येक फाइलीसाठी तो स्वतंत्रपणे सुरू होतो व काम संपताच थांबतो. म्हणून एकाच वेळी पन्नास-साठ कंपायलर कामास जुंपता येतात.

परंतु कंपायलर हीदेखील एक आज्ञावलीच. तिच्यात दोष राहिला, तर तो तिने घडविलेल्या प्रत्येक आज्ञावलीत उतरावयाचा! म्हणून तिच्या भागाभागांत गणक बसवितात. ज्या गणकाचा आकडा शून्य, तो भाग परीक्षेवाचून राहिला असे समजावे. जीसीसी व क्लँग या प्रसिद्ध कंपायलरांत गणक बसविण्याची सोय आहे, आणि तिने दुसऱ्या कंपायलराचीही मोजणी घेता येते.

खोळंबा होतो तो येथेच. थांबण्यापूर्वी प्रत्येक कंपायलर आपले आकडे सामाईक वहीत, म्हणजे फाइलीत, मिळवितो. फाइल दहा ओळींची असली, तरी वही सगळीच चाळावी लागते. दोन ओळींचे पत्र लिहून घरी निघालेल्या कारकुनाने कचेरीचे सबंध खतावणीपुस्तक उतरवून काढावे, तशातला हा प्रकार! शिवाय एक लिहीत असता वहीस कुलूप असते. समजा, एका नोंदीस अर्धा सेकंद लागतो व फाइली ५,००० आहेत. मग केवळ नोंदींस २,५०० सेकंद, म्हणजे सुमारे ४२ मिनिटे लागतील. कंपायलर साठ असोत की सहाशे. वाटून न घेता येणारा भागच अखेर वेगाची मर्यादा ठरवितो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच दाखविले होते.

कुलूपच काढले तर? वहीत १०० आकडा आहे. दोघांनी तो एकदमच वाचला. एकाने ७ मिळवून १०७ लिहिले, दुसऱ्याने ५ मिळवून त्यावरच १०५. खरा आकडा ११२ होता. वेळ वाचला, पण मोजणी खोटी ठरली. प्रत्येकास निराळी वही दिली, तर हजारो वह्यांनी डिस्क भरून जाते.

क्लँगमध्ये मधला मार्ग आहे: १ ते ९ वह्यांचा संच ठेवावा, कंपायलराने त्यांतील एक घ्यावी, आणि शेवटी सर्वांची बेरीज करावी. चार वह्या ठेवल्यास वरील ४२ मिनिटांची साडेदहा होतात, अर्थात डिस्कही तितक्या वेगाने लिहू शकली तर. मात्र कंपायलर मध्येच कोसळला, तर त्याचे आकडे सामान्यतः कोणत्याच वहीत चढत नाहीत.