पतपेढी, ठेव आणि खोटा पोलीस

प्रश्न : महिला मंडळाला फसवणूक ओळखायला शिकवायचंय. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पिंप्राळा (जळगाव)

उत्तर : ताई, जळगावातूनच करा. इथल्या बीएचआर पतसंस्थेत हजारो ठेवीदार अडकले. २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक नेमावा लागला. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हा फरक भल्याभल्या शिकलेल्यांनाही ठाऊक नसतो, म्हणून आधी तोच समजवा.

फोनवरच्या ठगांसाठी भाषण नको, नाटुकलं बसवा. एकीने दरडावणारा ‘पोलीस’ व्हावं, दुसरीने घाबरावं, तिसरीने फोन कापावा. असा ‘पोलीस’ ज्या ‘डिजिटल अटके’ची भीती घालतो, ती कायद्यात नाहीच. पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.