घटक ४ : हसण्याचे शब्द – इंग्रजी क्रियापदे आणि मराठी क्रियाविशेषणे

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस हसण्याचे प्रकार दाखविणाऱ्या इंग्रजी व मराठी शब्दांतील रचनाभेद सांगता येईल आणि अनुवाद करताना योग्य छटेचा शब्द निवडता येईल.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थिमित्रहो, हसणे सर्व माणसांना समान असले, तरी त्याची वर्गवारी प्रत्येक भाषा आपल्या रीतीने करते. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे झालेल्या एका संपर्कसत्रात अनुवादासाठी छोटे इंग्रजी वाक्य दिले होते : 'द गर्ल्स गिगल्ड'. बहुतेकांनी लिहिले, 'मुली फिदीफिदी हसल्या.' अनेक वर्षांच्या खंडानंतर शिकू लागलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या मुली नुसत्या हसल्या. आपण त्यांना थिल्लर का ठरवलं?" या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच या घटकाचा हेतू आहे.

४.२ छटा कोठे राहते?
इंग्रजीत आवाज न करता हसणे म्हणजे 'स्माइल' आणि आवाज करून हसणे म्हणजे 'लाफ'. मराठीत दोन्हींना 'हसणे' हे एकच क्रियापद चालते. 'ती हसली' एवढ्यावरून आवाज झाला की नाही, हे कळत नाही. इंग्रजी पुढे आणखी क्रियापदे योजते : बारीक आवाजात, आवरता न येणारे हसणे ते 'गिगल', स्वतःशीच, हलक्या आवाजात हसणे ते 'चकल', मोठ्याने गडगडून हसणे ते 'गफॉ', दबलेले, कुत्सित हसणे ते 'स्निगर'. लुइस कॅरल या लेखकाने तर १८७१ मध्ये 'चॉर्टल' हे नवेच क्रियापद घडविले.

मराठीत 'खिदळणे' यासारखी स्वतंत्र क्रियापदे मोजकी आहेत. मराठी सहसा 'हसणे' कायम ठेवते आणि छटा क्रियाविशेषणाकडे सोपविते : खुदकन हसणे, खो खो हसणे, गालातल्या गालात हसणे. म्हणजे इंग्रजीत जे क्रियापदाच्या पोटात असते, ते मराठीत त्याच्या शेजारी बसते. म्हणून इंग्रजी शब्दाला मराठीत एकच शब्द सापडला नाही, तर मराठीचा शब्दसंग्रह तोकडा आहे असे समजू नये.

४.३ ध्वनींची व्यवस्था
खुदुखुदु, खिदीखिदी, खदाखदा हे तीन शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. 'ख' आणि 'द' ही व्यंजने तिन्हींत तीच आहेत. बदलतो तो स्वर. 'उ' उच्चारताना ओठ आवळले जातात. खुदुखुदु हसते ते तान्हे मूल. 'इ'चा ध्वनी बारीक. खिदीखिदी हसणेही तसेच. 'आ' उच्चारताना तोंड पूर्ण उघडते, आणि खदाखदा हसणाराही तोंड उघडूनच हसतो. शब्दाची घडण अशी क्रियेचे अनुकरण करते, म्हणून या शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात. 'खुदकन' मधील 'कन' क्षणिक, एकदाच घडलेली क्रिया दाखवितो. 'खुदुखुदु' मधील द्विरुक्ती क्रिया चालू असल्याचे दाखविते.

४.४ विभक्ती आणि अर्थ
'ती माझ्याकडे पाहून हसली' या वाक्यात ओळख किंवा आपुलकी असू शकते. 'ती मला हसली' या वाक्यात मात्र चेष्टा आहे. 'ला' या एका प्रत्ययाने अर्थ उलटतो. नामांतही असाच भेद आहे : ओठांवर येते ते हसू, सभेत पिकतो तो हशा आणि फजिती झाल्यावर होते ते हसे. 'लोक हसतील' या धाकाने शिक्षण सोडलेल्यांना हा भेद व्याकरणाआधी अनुभवाने कळलेला असतो.

४.५ शब्दातील निवाडा
भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी, विहसित व उपहसित मध्यमांसाठी, अपहसित व अतिहसित अधमांसाठी. स्मितात दात दिसत नाहीत. हसणे जितके अनावर, तितकी पात्राची पायरी खालची, असा हा क्रम आहे. 'दात काय काढतोस?' असे आपण दरडावतो, तेव्हा तोच निवाडा बोलत असतो.

'फिदीफिदी' हा शब्दही आवाजाबरोबर नापसंती सांगतो. 'गिगल'मध्ये कधी पोरकटपणाची छटा असते. पण ती प्रत्येक वाक्यात असतेच असे नाही. संदर्भात निंदा नसेल, तर 'मुलींना हसू आवरेना' हा अनुवाद अधिक न्याय्य ठरेल. निंदा असेल, तर 'फिदीफिदी' योग्यच. त्या विद्यार्थिनीची हरकत म्हणूनच रास्त होती : मूळ लेखकाने न दिलेला निवाडा अनुवादकाने देऊ नये.

४.६ सारांश
इंग्रजी हसण्याची छटा बहुधा क्रियापदातून, तर मराठी क्रियाविशेषणातून व्यक्त करते. मराठी शब्दांतील स्वर, द्विरुक्ती आणि प्रत्यय अर्थ घडवितात. अशा शब्दांत वर्णनाबरोबर मूल्यमापनही असते.

स्वाध्याय
१. 'खुदकन' व 'खुदुखुदु' यांतील अर्थभेद स्वतःच्या वाक्यांतून स्पष्ट करा.
२. घरी, बाजारात किंवा उसाच्या फडावर ऐकलेले हसण्याविषयीचे पाच शब्दप्रयोग नोंदवा. ते कोण कोणाविषयी वापरतो आणि त्यांत कौतुक आहे की निंदा, ते लिहा.
३. 'म्हातारा हसला' या वाक्यात तीन वेगवेगळी क्रियाविशेषणे घालून म्हाताऱ्याविषयीचे आपले मत कसे बदलते, ते सांगा.