आधी हंगाम, मग कर्ज: कोकणातील तरुणांसाठी उद्योजकतेचे सरकारी शिक्षण

उद्योजकता शिकवता येते, ही गोष्ट भारतात प्रथम पडताळून पाहिली गेली ती १९६४ मध्ये, आंध्र प्रदेशातील काकीनाडा शहरात. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेबरोबर तेथील छोट्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षण वर्ग घेतले. ध्येय कसे ठरवावे, जोखीम कशी तोलावी, अपयशानंतर पुन्हा कसे उभे राहावे, हा त्या वर्गांचा विषय होता. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढे नवी गुंतवणूक केली, धंदे वाढवले. न घेतलेल्यांत तेवढी हालचाल दिसली नाही. व्यापारी घरात जन्मलेल्यालाच धंदा जमतो, या समजाला त्यामुळे पहिला तडा गेला. त्यानंतर गुजरातने उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू केले, १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीवरील उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन केले. काकीनाड्याचे वर्ग झाले त्याच १९६४ साली अमेरिकेत निवृत्त व्यावसायिकांकडून छोट्या धंदेवाल्यांना विनामूल्य सल्ला देणारी ‘स्कोअर’ ही व्यवस्था तेथील लघुउद्योग प्रशासनाच्या आधाराने सुरू झाली. एकीकडे वर्गातले शिक्षण आणि दुसरीकडे जाणत्या माणसाचा सल्ला, या दोन गोष्टींवर सरकारी मदत आजही उभी आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र तिसरीच गोष्ट पुढे असते: अनुदान.

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरसारख्या गावात हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावाची घरे मुंबईच्या पगारावर चालली. चाकरमानी ही कोकणातील यशाची ओळख होती, म्हणून मुलगा दहावी-बारावी झाला की आईवडिलांची नजर आपसूक मुंबई-पुण्याकडे वळते. त्याच वेळी गावातले चित्र बदलले आहे. वेळणेश्वराचे देऊळ आणि समुद्रकिनारा यांमुळे दिवाळीपासून मे अखेरपर्यंत पर्यटक येतात, शेजारच्या हेदवीला दशभुज गणेशाच्या दर्शनासाठी गर्दी असते, घरगुती खोल्या आणि खानावळी चालतात. आंबा, काजू, कोकम आणि मासळी तर घरचीच. २०१२ पासून गावात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. म्हणजे धंद्याच्या कल्पनेसाठी येथील मुलाला दूर जाण्याची गरज नाही. त्याच्याकडे कमतरता आहे ती हिशेबाची, बाजाराच्या माहितीची आणि चूक होण्याआधी कान धरणाऱ्या माणसाची. सरकारी व्यवस्थेकडे जायचे ते या तीन गोष्टींसाठी.

शिकण्याच्या जागा

शाळेच्या पातळीवर अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांना हाताने काहीतरी बनवून पाहण्याची संधी देतात. त्यांचा धंद्याशी थेट संबंध नसतो आणि सगळ्या शाळांत त्या नाहीतही. महाविद्यालयांसाठी केंद्राने २०१९ मध्ये विद्यार्थी व प्राध्यापकांसाठीचे नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणले. ज्या संस्थेने ते स्वीकारले आहे, तेथे विद्यार्थ्याला स्वतःचा उद्योग उभारताना सत्र किंवा वर्षभराची सुट्टी घेता येते आणि त्या कामाला श्रेयांकही मिळू शकतात. म्हणून प्रवेश घेतानाच महाविद्यालयात एक प्रश्न विचारावा: नवोपक्रम परिषद आहे का, आणि गेल्या वर्षी तिने नेमके काय केले? भिंतीवर फलक असणे वेगळे आणि विद्यार्थ्याला एखाद्या कारखान्यात नेऊन उभे करणे वेगळे.

ज्याला महाविद्यालयात जायचे नाही किंवा जमत नाही, त्याच्यासाठी सर्वांत उपयोगी जागा म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बोलीभाषेत ‘आरसेटी’. हिचे मूळ कर्नाटकात आहे. धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे १९८२ मध्ये मंदिर संस्था आणि दोन बँकांनी मिळून ग्रामीण तरुणांसाठी निवासी प्रशिक्षण सुरू केले. पुढे केंद्र सरकारने तोच नमुना देशभर नेला. प्रत्येक जिल्ह्यात एखादी बँक ही संस्था चालवते. रत्नागिरीची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे आणि तिची संस्था स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था या नावाने चालते. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत. अभ्यासक्रम काही दिवसांपासून सुमारे दीड महिन्यापर्यंतचे. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे संस्थेने पाठपुरावा करायचा, हा या योजनेचा भाग आहे आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. बहुतेक मुले प्रमाणपत्र घेऊन घरी येतात आणि पुन्हा संस्थेचे तोंड पाहत नाहीत. हा पाठपुरावा आपण होऊन मागून घ्यायला हवा.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम जिल्हा पातळीवर होतात: एक दिवसाचे मेळावे, अनेक दिवसांचे उद्योजकता वर्ग, प्रक्रिया उद्योगांचे तांत्रिक प्रशिक्षण. मेळाव्याने डोळे उघडतात, पण धंदा शिकता येतो तो लांबच्या वर्गातच. केंद्राचे ‘उद्योजक’ हे मासिकही ग्रामीण वाचकाला उपयोगी आहे. फळप्रक्रियेसाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ जवळ आहे. आंबा, काजू आणि कोकम यांवर तेथे दशकानुदशके काम झालेले आहे आणि साठवणीपासून पॅकिंगपर्यंतच्या शंकांना तेथे शास्त्रीय उत्तर मिळते.

आणखी एक वाट पालकांना पटकन पटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आयटीआय, पदविका आणि पदवीधर मुलांना कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. लोटे परशुराम आणि चिपळूणजवळच्या खेर्डी-खडपोली या औद्योगिक वसाहती उत्तर रत्नागिरीतल्या मुलाच्या आवाक्यात आहेत. वर्षभर दुसऱ्याच्या कारखान्यात काम केलेल्या मुलाला कच्चा माल उशिरा आला तर काय होते, यंत्र बंद पडले तर दिवसाचा किती तोटा होतो, हे कळते. असा मुलगा बँकेत बसला की त्याची उत्तरे वेगळी असतात.

एक उदाहरण: कोकमाचा छोटा उद्योग

कर्ज आणि अनुदान यांचा मेळ कसा बसतो, हे एका काल्पनिक प्रकल्पावरून पाहू. समजा, वेळणेश्वरच्या मुलीला आमसूल, आगळ आणि कोकम सरबत यांचा दहा लाख रुपयांचा उद्योग उभारायचा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. खादी ग्रामोद्योग आयोग, राज्याचे खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र तो राबवतात. ग्रामीण भागातील महिला म्हणून तिला स्वतःचे पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार, घालावे लागतात. बाकी साडेनऊ लाख बँक देते. अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. हाच प्रकल्प खुल्या प्रवर्गातील मुलाने मांडला तर स्वतःचे एक लाख आणि अनुदान २५ टक्के.

येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. हे साडेतीन लाख मुलीच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत तिच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. उद्योग प्रत्यक्ष चालू आहे याची खातरजमा झाल्यावरच ती रक्कम कर्जखात्यात वळते. म्हणजे धंदा तीन वर्षे टिकवावा लागतो, तोही अनुदान नाहीच असे धरून. शिवाय या कार्यक्रमात उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचे आहे, जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, आणि आधीच चालू असलेल्या किंवा दुसरे सरकारी अनुदान घेतलेल्या उद्योगाला नव्याने लाभ मिळत नाही.

खाद्यप्रक्रियेसाठी दुसरीही योजना आहे: २०२० मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. ती कृषी विभाग राबवतो. तीत सर्वांनाच ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे आणि चालू उद्योगालाही वाढीसाठी अर्ज करता येतो. खुल्या प्रवर्गातील मुलाला कोकमाच्या धंद्यासाठी ही दुसरी योजना उघडच फायद्याची. यातली खरी जमेची बाजू म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती. प्रकल्प अहवाल, बँकेची कागदपत्रे, अन्न परवाना आणि उद्यम नोंदणी यांत ही व्यक्ती मदत करते. तिचे मानधन सरकार देते. अर्जदाराने तिला काही द्यायचे नसते.

आता त्या दहा लाखांच्या प्रकल्पातली अवघड जागा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल ते जूनमधल्या थोड्या आठवड्यांत पिकतात. आमसुलासाठी सालीला मिठाच्या रसाची पुटे देत कडक उन्हात वाळवावे लागते, आणि वळवाचा पाऊस लवकर आला तर माल काळा पडतो किंवा बुरशी धरतो. वर्षभराचे फळ असे महिना-दीड महिन्यात रोखीने विकत घ्यायचे. विक्री मात्र हळूहळू, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. अशा धंद्यात यंत्रापेक्षा खेळते भांडवल महत्त्वाचे ठरते. पण गावोगावच्या प्रकल्प अहवालांत यंत्राच्या कोटेशनला दोन पाने आणि खेळत्या भांडवलाला एक ओळ असते. अहवाल लिहून देणाऱ्याने मागच्या कुठल्यातरी अहवालातले आकडे उतरवलेले असतात आणि मुलीला स्वतःच्याच धंद्याचा महिन्याचा खर्च सांगता येत नाही. तेथेच उद्योग आजारी पडतो, उद्घाटनाच्याही आधी.

म्हणून कर्जाआधी एक हंगाम स्वतःच्या हाताने करून पाहणे, हा या विषयातला सर्वांत खात्रीचा सल्ला आहे. घरच्या किंवा शेजारच्या झाडांचे थोडेच रातांबे घ्यावेत, आमसूल बनवावे, विकावे आणि वहीत रोज लिहावे: किती किलो फळ, किती मीठ, किती मजुरी, किती माल वाया गेला, कोणत्या दुकानदाराने पैसे किती दिवसांनी दिले. ही वही प्रकल्प अहवालाचा पाया ठरते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाचा बाजारात उपयोग करायचा तर मालाचा दर्जा दरवर्षी तोच राहावा लागतो, आणि तो राखायला पहिला धडा याच वहीत मिळतो.

पर्यटनाच्या धंद्यालाही हेच लागू आहे. महाराष्ट्राच्या २०२३ च्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा, कमाल साडेचार लाखांपर्यंत, परतावा आहे. त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. मात्र किनाऱ्यालगत खोल्या बांधण्याआधी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आणि ग्रामपंचायतीची परवानगी तपासावी. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या राहतात, हे गृहीत धरूनच हप्ता ठरवावा.

पालकांचे प्रश्न

घर गहाण पडेल का, हा पहिला प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांच्या किमान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. त्यापुढच्या कर्जाला पत हमी निधीचा आधार घेता येतो. तेव्हा पहिल्याच धंद्यासाठी बाग किंवा घर अडकवण्याचे कारण नाही. पण तारण नाही म्हणजे कर्ज माफ नाही. हप्ते थकले की मुलाची पत नोंद बिघडते आणि पुढे शिक्षण, घर, वाहन यांपैकी कशालाही कर्ज मिळणे कठीण होते. पंतप्रधान मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतच्या ‘शिशू’ कर्जाने सुरुवात करून ते वेळेवर फेडणारा मुलगा, एकदम दहा लाख उचलणाऱ्यापेक्षा पाचव्या वर्षी बहुधा पुढे असतो.

दुसरा प्रश्न जागेचा. कोकणात सातबाऱ्यावर काका-आत्यांची, मुंबईच्या चुलत भावांची नावे असतात. शेड उभारायची तर सर्वांची संमती हवी. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच ती लेखी घेऊन ठेवलेली बरी.

तिसरा प्रश्न पदवी सोडण्याचा. सोडू नये. या योजनांमध्ये शिक्षणाची अट फार कमी आहे. रोजगार निर्मिती कार्यक्रमात दहा लाखांवरील उत्पादन आणि पाच लाखांवरील सेवा प्रकल्पांना आठवी उत्तीर्ण पुरते. पदवीच्या तीन-चार वर्षांतील सुट्ट्या हंगामाची वही भरायला पुरतात.

सल्ल्याची बाजू मात्र सरकारी व्यवस्थेत अजून सर्वांत दुबळी आहे, हे पालकांनी स्वच्छ समजून घ्यावे. किती जणांना प्रशिक्षण दिले आणि किती कर्जे मंजूर झाली, हे मोजले जाते. तिसऱ्या वर्षी किती उद्योग चालू होते, याची चर्चा फार कमी होते. ही उणीव कुटुंबाला भरून काढावी लागते. गुहागर-चिपळूणच्या बाजारात वीस वर्षे दुकान चालवणारा व्यापारी, बँकेतून निवृत्त झालेला गावकरी, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटातली अनुभवी ताई, यांपैकी एकाला महिन्यातून एकदा वही दाखवावी. पैसे अडकलेले कोठे आहेत, हे जाणत्या नजरेला एका पानात दिसते.

जिल्हा उद्योग केंद्र रत्नागिरीला आहे. वेळणेश्वरहून तवसाळ-जयगड फेरीबोटीने खाडी ओलांडून तेथे जाता येते. पहिल्या फेरीत मुलाबरोबर आई किंवा वडिलांनी जावे, चालू आर्थिक वर्षात कोणती योजना सुरू आहे आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे हे विचारावे, आणि बोलू मात्र मुलाला द्यावे. उद्यम नोंदणी संकेतस्थळावर मोफत होते, रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्जही मोफत आहे. या कामांसाठी सरकारने एकही दलाल नेमलेला नाही. मंजुरी मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.