ऐकणे म्हणजे पूर्ण ऐकणे



आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "बाळा, जरा दळण घेऊन ये रे." मुलाचे लक्ष टीव्हीकडे. दुसरी हाक होते, तिसरी होते. शेवटी ती वैतागून शेजारणीला म्हणते, "काय करू बाई, हा माझं ऐकतच नाही!" मुलाच्या कानात दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. आपल्या मराठीत 'ऐकणे' ह्या एकाच शब्दात कानाने ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे ह्या दोन्ही गोष्टी येतात. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यातही असेच आहे. मोशे इस्राएल लोकांना "ऐक" म्हणतो (अनुवाद ६:४), तेव्हा त्या एका शब्दात "मान" आणि "तसे वाग" हेही आलेच.

दर रविवारी आपण मिस्सामध्ये देवाचा शब्द ऐकतो. वाचन संपले की देवाचे आभारही मानतो. मग चर्चच्या पायऱ्या उतरून रिक्षा पकडतो आणि वाटेत आठवू लागतो, आज शुभवर्तमान कोणते होते बरे? तेव्हा आज स्वतःलाच एक प्रश्न विचारू या. आपण देवाचे ऐकतो, की देवाचा शब्द आपल्याला नुसता ऐकू येतो?

शौलाची मेंढरे

पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाची गोष्ट आहे. अमालेकी लोकांवर चाल करून जा आणि त्यांच्या मालमत्तेपैकी काहीही ठेवू नकोस, असे परमेश्वराने शमुवेल संदेष्ट्याच्या तोंडून त्याला सांगितले. त्या काळच्या युद्धाची ती कठोर रीत आज आपल्या मनाला बोचते, आणि ते योग्यच आहे, कारण शत्रूवरही प्रीती करा असे शिकवणारा ख्रिस्त आपल्याला भेटला आहे. पण ह्या अध्यायाचा धडा शौलाच्या मनाविषयी आहे. त्याने काय केले? जे टाकाऊ होते ते नष्ट केले आणि धष्टपुष्ट मेंढरे व गुरे राखून ठेवली. वर शमुवेलाला सांगितले, "मी परमेश्वराची आज्ञा पाळली."

तेवढ्यात मेंढरांचे बेंबटणे शमुवेलाच्या कानी पडले!

मग सबबी सुरू झाल्या. लोकांनी ठेवली, मी नाही. देवाला बळी द्यायलाच ठेवली. शमुवेलाने त्याला खडसावले की, बळी अर्पण करण्यापेक्षा आज्ञा पाळणे देवाला अधिक आवडते. शौलाने देवाचे अजिबात ऐकले नव्हते असे नाही. त्याने बरेचसे ऐकले होते. जे आपल्याला सोडवत नाही तेवढेच बाजूला ठेवले, आणि त्यालाही भक्तीचे नाव दिले. अर्धे आज्ञापालन असे असते. त्यात देवाचे किती ऐकायचे हे शेवटी आपणच ठरवतो. म्हणजे धनी आपणच राहतो, देव नव्हे.

वसईचा गोन्सालो

पूर्ण ऐकणारा माणूस कसा असतो हे पाहायला आपल्याला फार दूर जायला नको. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. त्यांचा जन्म १५५७च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. त्या काळी वसई आणि आपले कुर्ले ज्या साष्टी बेटावर आहे ते बेट, दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात होते.

गोन्सालो वसईला येशूसंघीयांकडे शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की जपानी लोकांना त्यांचे बोलणे आपलेच वाटे. कित्येक वर्षे त्यांनी धर्मशिक्षणाची सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

येथे आपण थोडे थांबू या. ज्या दारावर इतकी वर्षे थाप दिली ते दार उघडले नाही, तर आपण काय केले असते? "देवाला माझी सेवा नको असेल तर राहिले!" असे म्हणून मोकळे झालो असतो. गोन्सालोंनी काही काळ व्यापार केला आणि त्यात त्यांचा जमही बसला. पण देवाची हाक त्यांनी मनातून पुसली नाही. फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून दाखल झाले, व्यापार सोडला, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेतली. स्वतःच्या मर्जीचे जीवन मनासारखे चालले असताना हे पाऊल टाकणे सोपे नव्हते.

१५९३ मध्ये त्यांना पुन्हा जपानला जाण्याची आज्ञा झाली. फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचे दुभाषी म्हणून ते गेले. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. म्हणजे धोका सर्वांना ठाऊक होता. तरीही क्योतो शहरात ह्या फ्रान्सिस्कन बंधूंनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. १५९६च्या अखेरीस त्यांना पकडण्यात आले. डाव्या कानाचा तुकडा कापून, शहरातून मिरवून, भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस हा अवघ्या १२ वर्षांचा होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस ह्यांनी त्या सर्वांना संतपद दिले.

गोन्सालो क्रुसापर्यंत एका दिवसात पोहोचले नाहीत. भाषा शिकणे, धर्मशिक्षण देणे, नकार सोसणे, व्यापार सोडणे, रोग्यांच्या जखमा धुणे अशा लहानमोठ्या आज्ञा ते पाळत गेले. शेवटची आज्ञा आली तेव्हा 'हो' म्हणण्याची सवय त्यांना आधीच जडली होती.

कोणाचे ऐकायचे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवाची आज्ञा पाळणे म्हणजे कोणीही देवाचे नाव घेऊन काहीही सांगितले की मान डोलावणे नव्हे. पेत्र व इतर प्रेषितांना न्यायसभेने बोलण्याची बंदी केली, तेव्हा माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे त्यांनी निर्भयपणे सांगितले (प्रेषितांची कृत्ये ५:२९). कामाच्या ठिकाणी साहेबाने खोटे बिल करायला सांगितले तर 'नाही' म्हणणे हेच आज्ञापालन होय. नवऱ्याची मारहाण मुकाट्याने सोसणे ही देवाची इच्छा आहे, असे कोणी एखाद्या भगिनीला सांगत असेल तर ते खरे नाही. तिने मदत मागणे हे पाप नव्हे. देव आपल्याला गुलाम करत नाही. तो आपल्याला मुले म्हणतो, आणि मुलांनी प्रेमाने ऐकावे एवढेच त्याला हवे असते.

आपल्या घरातली मेंढरे

मोठ्या संकटात आपण देवाचे चटकन ऐकतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुर्ल्यात शिरली. त्या रात्री अडकलेल्या माणसांना मुंबईकरांनी धर्म, जात न विचारता घरात घेतले, चहा दिला, कोरडे कपडे दिले. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा कोणी वाचून दाखवावी लागली नाही.

पण पाणी ओसरल्यावर? वडिलांच्या खोलीवरून दोन भावांत वाद असतो. इमारतीच्या पुनर्विकासाच्या कागदावर सही कोणी करायची ह्यावरून बोलणे बंद झालेले असते. एकाच मिस्साला दोघे येतात. एक पुढच्या बाकावर, दुसरा मागे दाराजवळ. शांतीची खूण देताना शेजारच्या अनोळखी माणसाला हसून नमस्कार करतात, पण सख्ख्या भावाकडे पाहत नाहीत. पुढे दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारतात. प्रभू येशूने तर सांगितले आहे की, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). आपण उपवास करतो, जपमाळ म्हणतो, बुधवारी माहीमला नोव्हेनाला जातो. हे सर्व चांगलेच आहे. पण ती एक मेंढी आत बेंबटत असेल तर शमुवेलाला ती ऐकू येणारच!

कोणाचे ते वैर असेल, कोणाचे व्यसन, कोणाचे वजनमापातले कपट, कोणाचा मोबाइलवरचा लपवलेला वेळ. बाकी सारे देवाला दिले आणि तेवढे ठेवले, असे आपल्या प्रत्येकाचे काहीतरी असते. समेट म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे. खोलीचा प्रश्न वकिलाकडे किंवा पंचांसमोर सुटू शकतो. मात्र भावाला 'ये, बस' म्हणायला वकील लागत नाही.

बळ कोठून आणायचे?

स्वतःच्या जोरावर हे जमत नाही. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष प्रभूलाही घाम फुटला. हा प्याला टळावा असे त्याने उघडपणे पित्याला सांगितले, आणि तरीही पित्याच्या इच्छेला मान दिला. म्हणजे मनात भीती असणे, रडू येणे हे आज्ञाभंग नव्हे. पवित्र मरियेनेही देवदूताला आधी प्रश्न विचारला, मग होकार दिला. तोच होकार तिने क्रुसाखाली उभी राहून पूर्ण केला.

आपल्या कुर्ल्यातील पोर्तुगीज काळातले, १८४८ मध्ये पुन्हा बांधलेले जुने चर्च होली क्रॉस, म्हणजे पवित्र क्रुसाचे आहे. ख्रिस्त मरणापर्यंत, क्रुसावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक झाला असे पौल म्हणतो (फिलिप्पैकरांस २:८). त्या दारातून आत जाताना आपण पूर्ण आज्ञापालनाच्या खुणेखालूनच आत जातो. आत आपल्याला पापनिवेदन आहे, ख्रिस्तशरीर आहे. अर्धवट ऐकणाऱ्यांना पूर्ण ऐकायला शिकवणारी कृपा तेथेच मिळते.

ह्या आठवड्यात घरी विचार करू या:

१. देवाला देताना मी कोणती एक गोष्ट बाजूला ठेवली आहे?
२. तिला मी कोणते चांगले नाव दिले आहे?
३. येत्या रविवारपूर्वी मी कोणाच्या दारी जायला हवे?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू पित्याचे पूर्ण ऐकलेस. आम्ही सोयीपुरते ऐकतो, ह्याची आम्हांला क्षमा कर. संत गोन्सालोंप्रमाणे लहान गोष्टींत 'हो' म्हणायला आम्हांला शिकव, म्हणजे मोठी हाक येईल तेव्हा आम्ही मागे सरणार नाही. आमेन.