नवरा परदेशात, मुलाखत मुंबईत : एकटीने जाताना



हडपसर भागातल्या एका गटाची बैठक संपली, वही बंद झाली, तरी एक ताई बसूनच राहिल्या. त्यांच्या मुलीचं लग्न अमेरिकेचा नागरिक असलेल्या मुलाशी झालंय. मुलीला व्हिसाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, पण जावयाला रजा मिळेना. शेजारी म्हणाले, "नवरा सोबत नसेल तर परत पाठवतात." एक एजंट म्हणाला, "पन्नास हजार द्या, आत बोलून ठेवतो." ताई त्यासाठी गटाकडे कर्ज मागायला आल्या होत्या.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी लग्न होऊन बाहेर चालल्यात. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

नवरा यावाच लागतो का?

नाही. मुलाखत भारतात असते तेव्हा ती व्हिसा मागणाऱ्या बायकोची असते. अर्ज भरून तिला बोलावून घेणारा नवरा हजर असण्याची अट नाही. आपल्याकडच्या लोकांची ही मुलाखत साधारणपणे मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत होते. नवरा तिथे एच-१बी वर नोकरीला असेल तर बायकोचा व्हिसा वेगळा, एच-४. त्यालाही ती एकटी जाऊ शकते.

मात्र मुलगी आधीच अमेरिकेत असेल आणि तिथेच ग्रीन कार्डाचा अर्ज केला असेल, तर तिथल्या मुलाखतीला दोघांना बोलावतात. शेजाऱ्यांचा घोटाळा होतो तो इथेच. तिथलं ऐकून इथलं सांगतात.

नवरा येत नाही, त्याचे कागद येतात

ग्रीन कार्डाच्या व्हिसासाठी नवऱ्याने तिथून पाठवायचा मुख्य कागद म्हणजे बायकोचा खर्च उचलण्याचं हमीपत्र, आय-८६४. त्यावर त्याची सही हवी, सोबत आयकराचे आणि पगाराचे कागद हवेत. कमाई ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर तिथल्या दुसऱ्या पात्र माणसाला जोडीने हमी देता येते.

आपल्या बाजूचे कागद असे:

- पासपोर्ट आणि मुलाखतीचं पत्र.
- लग्न नोंदणीचा दाखला. पत्रिका आणि फोटो म्हणजे दाखला नव्हे. गावात ग्रामपंचायतीत, पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंद होते.
- जन्माचा दाखला. नोंदच सापडत नसेल तर 'नोंद नाही' असा दाखला मागून घ्यावा.
- पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी. हा पासपोर्ट सेवेतून मिळतो. पुण्याचं केंद्र मुंढव्याला आहे.
- वैद्यकीय तपासणी. ही फक्त वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. लसींची कार्डं सोबत न्या.
- आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला.

मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा.

एक गोष्ट आत्ताच तपासा : नाव. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, कुठे कुठे पाळण्यातलं नावही बदलतं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरं, असं असेल तर मुलाखतीची वाट न पाहता दुरुस्ती करून घ्या.

खिडकीसमोर

बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला आधी वेगळी तारीख असते. मुलाखतीच्या दिवशी मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर सोबत आलेल्या माणसाकडे द्या. इंग्रजी येत नसेल तर लाजू नका, मराठीत बोलायचंय असं सांगा.

आधी खरं बोलण्याची शपथ देतात. मग विचारतात : ओळख कशी झाली? लग्न कुठे झालं, कोण कोण आलं? नवरा काय काम करतो, कुठे राहतो? शेवटचे कधी भेटलात? तो का आला नाही, हेही विचारतील. "रजा नाही मिळाली" हे खरं असेल तर तेवढंच सांगा. पाठ केलेलं उत्तर बोलू नका. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. खोटं पकडलं गेलं तर पुढचे सगळे रस्ते बंद होऊ शकतात.

संसार खरा आहे हे दाखवायला फोटो, एकमेकांना केलेल्या फोनची नोंद, पाठवलेले पैसे, त्याच्या येण्याजाण्याची तिकिटं न्या. थोडं न्या, पण तारखेप्रमाणे लावून न्या.

कागद कमी पडला तर २२१(जी) ची चिठ्ठी देतात. घाबरू नका. मागितलेला कागद एक वर्षाच्या आत दिला तर अर्ज पुढे चालतो.

व्हिसा मिळाल्यावर

अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुढचा अर्ज करायचा असतो. पण घरात मारहाण, छळ असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर बाईला तो अर्ज एकटीने करता येतो. हे प्रत्येक आईने लेकीला निघण्याआधी सांगावं. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहावा आणि सगळ्या कागदांची एक प्रत माहेरी असावी. परदेशी नवऱ्याने टाकून दिलं, फसवलं, तर राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे.

त्या ताईंना गटाने एजंटासाठी कर्ज दिलं नाही. तपासणी आणि मुंबईच्या प्रवासापुरतं दिलं. मुलगी एकटी आत गेली, आई फोन हातात धरून बाहेर थांबली. आता त्या हप्ता वेळेवर भरतात आणि दुसऱ्या गटांत जाऊन हे कागद समजावून सांगतात.

बैठकीत बोला

१. आपल्या गटात किती जणींच्या लग्नाची नोंद झाली आहे?
२. आपलं नाव सगळ्या कागदांवर एकच आहे का?
३. "आत बोलून ठेवतो" म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर देऊ?