गाळ लपवू नका, आधी सांगा! इटलीच्या गावरान द्राक्षांच्या वाईनकडून दुकानदारानं शिकायचा धडा



ट्रेनिंगला येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "सर, आमचा माल शुद्ध आहे, तरी गिऱ्हाईक कंपनीचाच डबा का उचलतं?" आजच्या धड्यात याचंच उत्तर शोधू. उदाहरण जरा लांबचं आहे, इटलीच्या ताज्या, नैसर्गिक रेड वाईनचं. वाईन प्या असं मी सांगत नाही, आणि विकायची तर परवाना लागतोच. आपल्याला फक्त त्यातला धंदा बघायचा आहे.

आधी माझी चूक

2019 साली मी कळंबच्या आमच्या दुकानात लाकडी घाण्याचं करडई तेल ठेवलं. माल चांगला, पॅकिंग नियमाप्रमाणे. 40 बाटल्या भरल्या, त्यातल्या 11 परत आल्या. "तळाला गाळ आहे", "वास वेगळाच येतो", "भेसळ आहे का?" मी प्रत्येकाला समजावत बसलो की गाळ म्हणजे तेल कमी गाळल्याची खूण आहे. कुणी ऐकलं नाही. अप्पा गल्ल्यावरून एवढंच म्हणाले, "डबे होते तेच बरं होतं की रे." पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. तीस वर्षं गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर माल नेत होतं, आणि मी तोच शब्द पणाला लावला होता.

माझं नेमकं काय चुकलं, ते मला पुढे या वाईनबद्दल वाचताना कळलं.

तीन मित्र आणि मातीचे रांजण

इटलीत द्राक्षांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा त्या-त्या भागातल्याच. (देशी म्हटलं की आपल्याकडे दारूचा वेगळाच अर्थ निघतो, म्हणून आपण गावरान म्हणू!) मधल्या काळात सिसिली बेटावर बऱ्याच ठिकाणी जगभर खपणाऱ्या फ्रेंच जाती लागल्या. आपल्याकडे करडई मागे पडून सोयाबीन आलं, साधारण तसंच.

याच सिसिलीत व्हित्तोरिया गावाजवळ 1980 मध्ये तीन मित्रांनी वाईनरी सुरू केली. चिलिया, ओक्किपिंती आणि स्त्रानो या आडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून नाव ठेवलं 'सीओएस'. त्यांनी फ्रापातो आणि नेरो दावोला या तिथल्याच जाती धरून ठेवल्या. फ्रापातोची वाईन हलकी, ताजी, लाल फळांच्या चवीची. थोडी गार करूनही देतात. पुढे त्यांनी वाईन जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात आंबवायला सुरुवात केली. आपल्याकडे धान्याचं पेव असायचं, तसं हे वाईनचं पेव समजा.

नैसर्गिक म्हणजे नेमकं काय?

कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजत घालतो. तेव्हा बाहेरून यीस्ट टाकतो का? नाही, तो आपोआप आंबतो. इथंही तसंच. द्राक्षाच्या सालीवर आणि वाईनरीत असलेल्या यीस्टवरच रस आंबवायचा. शेतात रासायनिक फवारणी नाही. सल्फाइट, म्हणजे वाईन टिकवणारा घटक, अगदी कमी किंवा अजिबात नाही. गाळणंही कमी.

याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक वर्षीची चव वेगळी येते. बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो, कधी उघडताना किंचित फेस येतो. लक्ष चुकलं तर अख्खा रांजण आंबट होतो. आणि 'नैसर्गिक' या शब्दाची सगळीकडे चालेल अशी एकच कायदेशीर व्याख्या नाही. म्हणून चांगले विक्रेते नुसता शब्द वापरत नाहीत. द्राक्षाची जात कोणती, गाव कोणतं, तोडणीचं वर्ष कोणतं, आणि गाळ का दिसेल, हे बाटली उघडायच्या आधीच सांगतात.

आता आपल्याजवळ या

कळंबहून बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी करत अकलूजला गेलात, की त्या भागात इटलीचंच सांजोव्हेजे द्राक्ष उभं आहे. फ्रातेली ही तिथली वाईन कंपनी. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. इटलीतले, दिल्लीचे आणि अकलूजचे भाऊ-भाऊ त्यात एकत्र आले. त्यांची वाईन वर सांगितलेल्या पद्धतीची आहे असं माझं म्हणणं नाही. मुद्दा नावाचा आहे. तिथं द्राक्षाची जात बाटलीवर छापतात, आणि गिऱ्हाईक ते नाव वाचून पैसे देतं.

आणि आपण? सोनाका द्राक्ष सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणलं. पण हातगाडीवर आपण ओरडतो, "द्राक्षं घ्या, गोड द्राक्षं!" जातही गेली आणि गावही गेलं.

तीन नियम लिहून ठेवा

1. जात आणि गाव सांगा. "शुद्ध तेल" सगळेच म्हणतात. "अमुक गावची करडई, अमुक तारखेला गाळलेली" हे तुम्हीच म्हणू शकता.

2. दोष वाटेल ती गोष्ट विक्रीच्या आधी सांगा. आधी सांगितलं तर ती माहिती, नंतर सांगितलं तर ती सबब. माझ्या 11 बाटल्या इथंच परत आल्या.

3. काय घातलं नाही ते सांगा, पण सिद्ध करता येईल तेवढंच. युरोपात वाईनमध्ये लिटरला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर लिहावंच लागतं. तुमच्यावर सक्ती नसली तरी तुमचं लेबल तेवढंच खरं असू द्या.

पुढच्या खेपेला मी प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावली: गाव, गाळल्याची तारीख, "तळाशी गाळ बसेल, बाटली हलवू नका", आणि किती दिवसांत वापरायचं ते. शिवाय काउंटरवर एक बाटली उघडी ठेवली, वास घेऊन बघायला. खप एकदम वाढला नाही, खोटं कशाला सांगू! पण त्या खेपेतली एकही बाटली परत आली नाही. आता अप्पा स्वतः गिऱ्हाइकाला ती चिठ्ठी वाचून दाखवतात.

आजचा गृहपाठ

दुकानातला एक माल निवडा. ज्या गोष्टीवरून गिऱ्हाईक तक्रार करतं, ती एका कागदावर लिहा. त्याखाली दोन ओळींत खरं कारण लिहा आणि तो कागद मालाशेजारी लावा. कारण लिहिताच आलं नाही, तर समजा की गिऱ्हाइकाची तक्रार खरी आहे. मग चिठ्ठी बदलू नका, माल बदला.

भेटू पुढच्या धड्यात!