पैसे घेण्यास पिन लागत नाही

हिंगोली-वसमतच्या बाजारात विकलेल्या हळदीचे पैसे आता पुष्कळदा थेट बँकखात्यात येतात. लबाडाचा डोळाही तेथेच असतो. खरेदीदार असल्याची बतावणी करून तो म्हणतो, 'हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, आगाऊ रक्कम मिळेल.'

शिक्षकांनी पालकसभेत यावर व्याख्यान देऊ नये, प्रयोग करावा. एका पालकाने दुसऱ्यास मोबाइलवरून १ रुपया पाठवावा. पिन कोणी टाकला, हे सभेसच विचारावे. टाकला तो देणाऱ्याने. घेणारा नुसता बसून होता. एवढे पाहिले की निरक्षर आजीबाईंनाही मर्म उमगते.

फसलेला मनुष्य लाजेने गप्प राहतो आणि तेवढ्यात रक्कम या खात्यातून त्या खात्यात पसार होते. यास्तव सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक शाळेच्या दर्शनी फळ्यावर ठळक लिहावा.